वाहतूक क्षेत्राची शाळेत ओळख: प्रकल्प नोंदी, जून २०२५ ते जानेवारी २०२६

कार्यक्षेत्र: सातारा–कराड पट्ट्यातील माध्यमिक शाळा. गट: इयत्ता नववी, सोबत रोड सेफ्टी पेट्रोलची (शाळेच्या रस्ता सुरक्षा पथकाची) मुले. काम: वार्षिक व्याख्यानाच्या जागी हाताने करायच्या प्रयोगपेट्या, आगार भेट, वाहनगणना आणि नोकरीच्या अटींचे एक पत्रक.

१७ जून

जुना कार्यक्रम ठरलेला आहे. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान आले की पाहुणे येतात, तासभर बोलतात, मग चित्रकला स्पर्धा, घोषवाक्ये, आभार. सुरक्षेच्या प्रचाराला तो पुरत असेलही, पण या क्षेत्रात नोकरी कशी मिळते हे त्यातून कुणाला कळत नाही. वाहतुकीतली कामे लिहायला सांगितली तर मुलांची यादी ड्रायव्हर, कंडक्टर, पायलट, ट्रॅफिक पोलीस इथे थांबते. सिग्नलची देखभाल करणारा, रुळांची मापे घेणारा, एसटीचे वेळापत्रक बसवणारा, डांबर-खडीची चाचणी घेणारा, बंदरावर क्रेन चालवणारा ही माणसे त्यांना कधी दिसतच नाहीत.

वेळही चुकीची. जानेवारीत दहावीचे वर्ग पूर्वपरीक्षेत आणि बाकीची शाळा गॅदरिंगमध्ये असते. मे महिन्यात दहावीचा निकाल लागला की आयटीआय आणि डिप्लोमाच्या अर्जांची झुंबड उडते. तेव्हा ट्रेड (शिकायचा व्यवसाय) समजून घ्यायला सवड नसते, जिथे नंबर लागेल तिथे नाव घातले जाते. म्हणून मुक्काम नववीच्या पहिल्या सत्रावर. सहावी ते आठवीसाठी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दप्तराविना १० दिवस सुचवले आहेत. तिथे यातल्या सोप्या पेट्या चालतील, पण अटींचे पत्रक नववीतच द्यायचे.

क्रम ठरला: आधी हातात वस्तू, मग प्रश्न, मग ते काम करणाऱ्याचे पद, शेवटी त्या पदाची अट. भाषणाने एकही तास सुरू करायचा नाही.

२५ जून. पेटी १: ब्रेक

एका संचाला लागणारे सामान: ५ मिलिची एक आणि २० मिलिची एक नवी सिरिंज, फिश टँकची हवेची नळी अर्धा मीटर, पसरट टब, पाणी, खाद्यरंगाची चिमूट. चार मुलांत एक संच. सुया औषधाच्या दुकानातच परत करायच्या, शाळेत एकही सुई आणायची नाही. रंगासाठी शाई वापरू नये. पांढऱ्या शर्टावर पडली की पुढच्या वेळी शाळा पेटी आत घेणार नाही.

कृती: दोन्ही सिरिंज आणि नळी टबात बुडवून भरायच्या. तोंड वर धरून टिचकी मारायची म्हणजे बुडबुडे वर येतात, ते ढकलून बाहेर काढायचे. लहान सिरिंजचा दट्ट्या पूर्ण बाहेर, मोठीचा पूर्ण आत ठेवून पाण्याखालीच नळी जोडायची. लहान दाबली की मोठी हळू, पण जोरात सरकते. आतले व्यास मुलांनी व्हर्नियरने मोजून क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढायचे. ते अडीच पटीच्या आसपास येते. लहान दट्ट्या २५ मिमी आत गेला तर मोठा १० मिमी सरकतो. जोर वाढला तेवढे अंतर घटले, हे पट्टीवर दिसते.

मग मुद्दाम नळीत दोन सेंटिमीटर हवा सोडायची. दट्ट्या मऊ लागतो, दाबला तरी पलीकडे हालचाल अपुरी. गॅरेजमध्ये 'ब्रेकची हवा काढायची आहे' म्हणतात ते हेच. पाणी दाबले जात नाही, हवा दाबली जाते. नववीच्या मुलाला हे बोटांना कळते, फळ्यावर कळत नाही.

४ जुलै

पेटी वापरताना दिसलेल्या अडचणी. नळी तोंडावरून निसटते: टोक १० सेकंद कोमट पाण्यात धरून चढवावे, गार झाल्यावर पक्के बसते. दट्ट्या कोरडा पडून अडकतो: ग्लिसरीनचा एक थेंब. खोबरेल किंवा मशीनचे तेल नको, खनिज तेलाने रबर फुगते आणि दट्ट्या कायमचा रुतून बसतो. गाडीच्या ब्रेक ऑइलच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल ओतले तर आतल्या रबरी सीलचे असेच होते. ही फुगलेली सिरिंज फेकायची नाही, पेटीत नमुना म्हणून ठेवायची.

मुलांचा हमखास प्रश्न: एसटी थांबते तेव्हा 'फुस्स' आवाज येतो, तो कसला? तिथे सांगायचे की मोठ्या बसचा ब्रेक हवेवर चालतो. कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो, चालकाच्या पायाखालचे पेडल म्हणजे झडप असते, पाय काढला की वापरलेली हवा बाहेर पडते. हातब्रेकचे उलट आहे. तो स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. हवा गेली तर गाडी मोकळी सुटत नाही, जागीच जखडते. हे कळल्यावर मुले पुढचा प्रश्न आपणच विचारतात: ही दुरुस्ती कोण करतो? तिथे मोटर मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिक हे आयटीआयचे ट्रेड सांगायचे. पहिला दोन वर्षांचा, दुसरा एक वर्षाचा.

१४ जुलै. पेटी २: चाक आणि रूळ

२० मिमीचे विजेच्या वायरिंगचे पीव्हीसी पाइप, दीड-दीड मीटरचे दोन. त्यांच्यामध्ये १० सेमी अंतर राखायला तीन लाकडी ठोकळे. एक टोक पाच सेंटिमीटर उचललेले. १५० मिलिचे चार प्लास्टिकचे ग्लास: दोन तोंडाला तोंड लावून, दोन बुडाला बूड लावून, काळ्या विजेच्या टेपने चिकटवलेले.

पहिली जोडी मध्ये जाड, कडेला बारीक. ती तिरकी सोडली तरी डुलत डुलत मध्यावर येते आणि खालपर्यंत जाते. दुसरी जोडी लगेच रुळावरून पडते. कारण मुलांकडूनच काढून घ्यायचे. जोडी डावीकडे सरकली की डाव्या रुळावर जाड भाग येतो. दोन्ही बाजू एकाच आसावर असल्याने फेरे सारखेच, पण जाड बाजू एका फेऱ्यात जास्त अंतर कापते आणि जोडी उजवीकडे वळते. रेल्वेच्या चाकाचा पृष्ठभाग याच कारणाने तिरका असतो, भारतीय रेल्वेत १:२० उताराचा. चाकाला कड असते ती शेवटची राखण, रोज वळवण्याचे काम तिचे नाही. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधले अंतर १,६७६ मिमी. ते खडूने जमिनीवर आखून दाखवायचे. बहुतेकांचा अंदाज एक मीटरच्या आसपास असतो.

पावसाळ्यात कागदी कप नकोत, दमट हवेत तोंड लंबगोल होते आणि जोडी उगीच उड्या मारते. टेपची सुरकुती मधोमध राहिली तरी तेच. उतार जास्त दिला तर चांगली जोडीही पडते आणि प्रयोगाचा मुद्दा हरवतो.

हा धडा मॉडेलवरच करायचा. मुलांना प्रत्यक्ष रुळाजवळ न्यायचे नाही, परवानगी देणारा भेटला तरीही.

२३ जुलै. मैदानावर थांबण्याचे अंतर

साहित्य: एक मीटरची लाकडी पट्टी, ३० मीटरचा फीत-टेप, चुना.

पट्टी सोडून पकडायचा खेळ आधी. १५ सेमीवर पकडली तर ०.१७ सेकंद, २० सेमीवर ०.२०, ३० सेमीवर ०.२५. तीस सेंटिमीटरची पट्टी घेऊ नये, बोलता बोलता पकडायला सांगितले की ती हातातून निसटूनच जाते आणि मोजायला काही उरत नाही. सतराचा पाढा म्हणत असताना सोडली की ६० सेमीपर्यंतही घसरते, म्हणजे ०.३५ सेकंद. मोबाइलवर बोलण्यावर वेगळे प्रवचन लागत नाही.

मग रस्ता आखणाऱ्या अभियंत्याचे सूत्र: अंतर = ०.२७८ × वेग × प्रतिक्रियाकाळ + वेगाचा वर्ग ÷ (२५४ × घर्षणांक). वेग ताशी किमीमध्ये, अंतर मीटरमध्ये. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकात प्रतिक्रियाकाळ २.५ सेकंद धरतात. मुले इथे अडतात, 'आमचा तर ०.२ आला'. उत्तर: पट्टी पडणार हे तुला माहीत होते. रस्त्यावर आधी दिसायला हवे, मग ओळखायला, मग ठरवायला, मग पाय हलायला. आणि रस्ता दमलेल्या, वयस्कर चालकासाठीही आखायचा असतो.

ताशी ४० ला घर्षणांक ०.३८ धरला तर २७.८ + १६.६ = ४४.४ मीटर. ताशी ६० ला ०.३६ धरून ४१.७ + ३९.४ = सुमारे ८१ मीटर. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब असते, म्हणजे तीन मैदाने एकापुढे एक. बहुतेक शाळांच्या आवारात ८१ मीटर सरळ मिळतच नाहीत, आणि तीच या तासाची सर्वांत चांगली गोष्ट आहे. चुन्याची रेघ कुंपणाशी संपते आणि गाडी अजून थांबलेली नसते.

पाऊस असेल तर व्हरांड्यात करू नये, अंतराचा परिणाम जातो. तास पुढे ढकलावा.

६ ऑगस्ट. पेटी ३: सिग्नल

चार रस्त्यांचा चौक, पुठ्ठ्यावर. आर्डुइनो नॅनो या प्रोग्रॅम चढवता येणाऱ्या छोट्या बोर्डची स्वस्त प्रत एक, ५ मिमी एलईडी लाल-पिवळे-हिरवे प्रत्येकी चार, २२० ओहमचे बारा रेझिस्टर, ब्रेडबोर्ड (वायर नुसत्या खोचून जोडायची पाटी), जंपर वायर. दिवे बारा, नॅनोच्या डी२ ते डी१३ पिनाही बाराच. शून्य आणि एक या पिनांना हात लावायचा नाही, संगणकाशी बोलणे त्यांवरूनच होते.

वेळ खाणाऱ्या गोष्टी, जितक्या वेळा आडव्या येतात त्या क्रमाने:

यूएसबी केबल फक्त चार्जिंगची असते, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. बोर्डवरचा दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही. चालणाऱ्या केबलला लाल टेप लावून ठेवावा.

स्वस्त प्रतीत यूएसबी जोडणीसाठी सीएच३४० चिप असते. तिचा ड्रायव्हर शाळेच्या संगणकात नसतो, आणि टाकायला लागणारा पासवर्ड जुन्या संगणक शिक्षकांबरोबर बदलून गेलेला असतो. स्वतःचा लॅपटॉप न्यावा.

बोर्ड दिसतो, पण प्रोग्रॅम चढत नाही: प्रोसेसरच्या यादीत 'ओल्ड बूटलोडर' निवडावे.

ब्रेडबोर्डाच्या लांब पट्ट्या काही बोर्डांत मध्येच तुटलेल्या असतात. अर्धे दिवे लागतात, अर्धे नाही. मध्ये दोन छोट्या वायर जोडल्या की झाले.

एलईडी उलटा: लांब पाय धनाकडे.

वीज गेली म्हणून पॉवर बँकेवर लावले तर काही सेकंदांत बंद पडते. सर्किट इतका कमी प्रवाह घेते की पॉवर बँकेला फोन भरला असे वाटते. पाच व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ४७ ओहम, १ वॅटचा रेझिस्टर जोडावा. सुमारे १०० मिलिअँपिअर जास्तीचा प्रवाह जातो आणि बँक जागी राहते. रेझिस्टर गरम होतो, पुठ्ठ्यापासून वर उचलून बसवावा.

प्रोग्रॅम आधीच लिहिलेला द्यायचा. मुलांनी फक्त चार आकडे बदलायचे, प्रत्येक रस्त्याच्या हिरव्या दिव्याची सेकंदे. पिवळा ३ सेकंद आणि चारही बाजू लाल असा २ सेकंदांचा विराम आपण बांधून दिलेला. तो विराम काढून टाकला तर काय होईल, हे खेळण्यातल्या गाड्या हाताने ढकलत करून पाहू द्यावे. कोडिंग शिकवणे हा हेतूच नाही. सेकंदे कुणाला जास्त द्यायची आणि ते कशावरून ठरवायचे, हा प्रश्न पडला पाहिजे. उत्तर डिसेंबरच्या गणनेत येईल.

२० ऑगस्ट. अटींचे पत्रक

सगळ्यात जास्त वाद यावर झाला. पोस्टरवर क्यूआर कोड लावावा असे एक मत होते. पण फोन घरच्यांचा, संध्याकाळी वडील आल्यावर मिळणार, तोवर पोस्टर शाळेत. ए४ कागद दोन्ही बाजूंनी छापून प्रत्येकाला घरी द्यायचा. वर ठळक: अटी तपासल्याची तारीख. पगार, फी, कमाल वय यांचे आकडे बदलत राहतात, त्यासाठी फक्त अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता. छापायचे ते सहसा न बदलणारे आणि चुकले तर महागात पडणारे:

रेल्वेचा सहायक लोको पायलट (इंजिन चालकाचा सहायक). दहावी आणि ठरावीक ट्रेडचा आयटीआय, किंवा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, ऑटोमोबाइलमधला डिप्लोमा. नुसत्या बारावी सायन्सवर अर्ज चालत नाही, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. किमान वय १८. सोळाव्या वर्षी दहावी आणि दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर ट्रेड केला की वय नेमके जुळते.

चालक. चारचाकीचा परवाना १८ ला, व्यावसायिक वाहनाचा २० ला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. नववीतली मुले वडिलांची मोटरसायकल घेऊन क्लासला जातात, त्यांच्यासाठी ही ओळ चौकटीत. दंडाला ती फारशी घाबरत नाहीत. पंचवीस वर्षे म्हटल्यावर मात्र मागच्या बाकावरही शांतता होते.

जहाज. जनरल पर्पज रेटिंगला (खलाशाच्या प्रशिक्षणाला) दहावी, एकूण आणि इंग्रजीत किमान ४० टक्के, वय साडेसतरापासून. डेक कॅडेटला (शिकाऊ जहाज अधिकाऱ्याला) बारावी, भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित मिळून ६० टक्के आणि इंग्रजीत ५०. एजंट नोकरीसाठी पैसे मागत असेल तर एक रुपयाही द्यायचा नाही, आणि त्याचा आरपीएसएल क्रमांक (खलाशी भरतीच्या परवान्याचा क्रमांक) नौवहन महासंचालनालयाच्या यादीत पाहायचा. क्रमांक सांगता येत नसेल तर विषय तिथेच संपला.

विमान देखभाल अभियंता. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेली संस्था.

रस्ते आणि वाहतूक अभियांत्रिकी. दहावीनंतर सिव्हिल डिप्लोमा, किंवा बारावीनंतर पदवी. वडोदऱ्याचे गतिशक्ती विश्वविद्यालय हे खास वाहतुकीचे केंद्रीय विद्यापीठ, बी.टेक.चा प्रवेश जेईई मेनवर.

या यादीतून एक गोष्ट उघड होते, ती पत्रकाच्या तळाशी मोठ्या अक्षरात टाकली: अकरावीत गणित सोडले की यातली निम्मी दारे बंद. समुपदेशनाच्या तासात 'आवडीचे क्षेत्र निवडा' असे सांगतात. आवड ठीक आहे, पण कोणता विषय सोडल्याने काय जाते हेही त्याच तासात सांगायला हवे.

२६ ऑगस्ट

उद्यापासून गणपती. पेट्या बंद, सिरिंज कोरड्या करून ठेवल्या.

१० सप्टेंबर. आगार भेट

पत्र आगार व्यवस्थापकांच्या नावे, प्रत विभाग नियंत्रकांना. पत्रात तारीख, वेळ, मुला-मुलींची संख्या, सोबतच्या शिक्षकांची नावे, आणि कुठे कुठे जायचे ते: कार्यशाळा, टायर विभाग, वेळापत्रक कक्ष. 'आगार पाहायचे आहे' एवढेच लिहिले तर बसस्थानक आणि पार्सल खिडकी दाखवून परत पाठवतात. सकाळ-संध्याकाळच्या सुटण्याच्या वेळा टाळाव्यात, दुपारी ११ ते १ बरे.

आठ-आठचे गट. बूट सक्तीचे, चपला बाहेर. ओढणी आणि आयकार्डची दोरी आत खोचलेली. पिटच्या (गाडीखाली उभे राहून काम करायच्या खड्ड्याच्या) कडेला दोन हात अंतर, तिथले ग्रीस दिसत नाही पण पाय नक्की सरकतो.

तीन थांबे पुरतात. पहिला टायर: शाळेतून नेलेल्या व्हर्नियरच्या मागच्या, खोली मोजायच्या दांड्याने खाच मोजायची. खाचेच्या तळाशी आडवा उंचवटा असतो, झीज तिथवर आली की टायर संपला. गाडीच्या टायरमध्ये तो १.६ मिमीचा. एकाच टायरवर आतल्या, मधल्या, बाहेरच्या खाचेची मापे घ्यावीत. मधली जास्त झिजली तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, एकच कड झिजली तर चाकांचे अलाइनमेंट गेले. तीन आकड्यांवरून निदान, आणि ते मुलांनीच करायचे. मिस्त्रीकाकांना आधी विनंती करून ठेवावी की उत्तर लगेच सांगू नका.

दुसरा पिट: खालून ब्रेक चेंबर दाखवायचे, सिरिंजची आठवण करून द्यायची. तिसरा वेळापत्रक कक्ष. इथे मुले कंटाळतील असे वाटते, पण होते उलटे. आपल्या गावची मुक्कामी गाडी सकाळी कोणत्या ड्युटीत जाते, चालक रात्री कुठे राहतो, एक गाडी बिघडली तर कोणत्या फेऱ्या कोलमडतात, हे कागदावर पाहताना प्रश्न थांबत नाहीत. या थांब्याला निम्मा वेळ द्यावा.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथे मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. एवढी माहिती बस आगारात शिरायच्या आधी, फाटकाशी उभे असताना सांगून टाकावी. आत गेल्यावर कुणी ऐकत नाही.

२६ सप्टेंबर. नजर

लोको पायलटला दूरची नजर दोन्ही डोळ्यांना ६/६, तीही चष्म्याशिवाय, आणि रंगांची ओळख अचूक लागते. लेसर शस्त्रक्रिया करून नंबर घालवलेला चालत नाही. स्टेशन मास्तरला ६/९, विना चष्मा. आयटीआय, परीक्षा, सगळे पार करून मुलगा वैद्यकीय तपासणीत बाद होतो, तेव्हा वय वाढलेले असते. नववीत दहा मिनिटे दिली तर हे टळते.

इशिहाराच्या पाट्या (रंगांची ओळख तपासायची ठिपक्यांची चित्रे) छापील मूळ पुस्तकाच्याच हव्यात. झेरॉक्सच्या दुकानातल्या रंगीत प्रती आणि मोबाइलचा पडदा दोन्ही बाद, रंग बदलतात. फोनवर रात्रीचा पिवळसर मोड चालू असेल तर चांगल्या नजरेचाही मुलगा चुकतो. खिडकीतला दिवसाचा उजेड, थेट ऊन नको, ७५ सेमी अंतर, प्रत्येक पाटीला तीन सेकंद. पुस्तक नेत्रतज्ज्ञांकडून आणि शक्यतो त्यांच्यासह.

वर्गासमोर करायचे नाही. एकेकाला आत बोलवायचे, शंका असेल तर चिठ्ठी पालकांना, तीही 'नेत्रतज्ज्ञांना दाखवा' एवढीच. निदान आपले काम नाही. त्याच वेळी त्या मुलाला पत्रकातली चष्मा चालणारी कामे खूण करून द्यावीत: कार्यशाळा, आराखडे, वेळापत्रक, वाहतूक सर्वेक्षण. नुसते दार बंद करून पाठवू नये.

७ ऑक्टोबर

मिश्र गटात पाना मुलाच्या हातात आणि वही मुलीच्या हातात जाते. कुणी सांगत नाही, आपोआप होते. उपाय म्हणून चार चिठ्ठ्या: हाताळणारा, मोजणारा, लिहिणारा, सांगणारा. दहा मिनिटांनी चिठ्ठ्या पुढे सरकतात. घड्याळ शिक्षकाकडे नाही, लिहिणाऱ्याकडे.

सुरेखा यादव ३० सप्टेंबरला मध्य रेल्वेतून निवृत्त झाल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक एवढ्या एका ओळीत त्यांची ओळख आटोपते, पण मुलींना उपयोगी पडते ती पायऱ्यांची उतरंड. सातारा जिल्हा, कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, १९८९ मध्ये सहायक चालक, १९९६ मध्ये मालगाडी, २००० मध्ये लोकल, २०१० मध्ये घाटातल्या गाड्या, १३ मार्च २०२३ ला सोलापूर–मुंबई वंदे भारत. पत्रकाच्या पुढच्या प्रतीत हा क्रम वर्षांसह टाकायचा. ते तंत्रनिकेतन इथल्या कित्येक मुलींच्या घरापासून एका एसटीच्या अंतरावर आहे.

२ डिसेंबर. वाहनगणना

दिवाळीनंतर मुद्दाम. गाळप हंगाम सुरू झाला की रस्त्याचे रूप बदलते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातही ग्रामीण रस्त्यांची गणना वर्षातून दोनदा, सलग सात दिवस, एकदा सुगीच्या गर्दीत आणि एकदा मंदीच्या काळात करा असे आहे.

जागा: शाळेच्या पहिल्या मजल्याची खिडकी किंवा कुंपणाच्या आतली बाजू. रस्त्याच्या कडेला मुले उभी करायची नाहीत. दोन दिशा, प्रत्येक दिशेला तीन मोजणारे: एकाला फक्त दुचाकी, एकाला मोटार-रिक्षा-पिकअप, एकाला जड आणि बैलाची वाहने. दर १५ मिनिटांनी नवा रकाना, चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी. सोबत फोन स्टँडवर लावून चित्रण, नंतर निम्म्या वेगाने पाहून पडताळणी. फरक पाच टक्क्यांच्या वर गेला तर तो रकाना पुन्हा मोजायचा. चुकतात त्या बहुधा दुचाकी, ट्रॅक्टरच्या आडून जाणाऱ्या. चित्रणात चेहरे आणि नंबरप्लेट असतात. पडताळणी झाली की पुसून टाकायचे, ग्रुपवर टाकायचे नाही.

गाड्या मोजून थांबले तर ती नुसती कवायत. खरा धडा वजनाचा. एक मोटार म्हणजे १ एकक धरून ग्रामीण रस्त्यासाठी मानकातले आकडे असे: दुचाकी ०.५, बस किंवा ट्रक ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५, सायकल ०.५, बैलगाडी ८. बैलगाडी ट्रकपेक्षा जास्त? यावर वर्ग हमखास भांडतो. भांडू द्यावे. आकार मोजत नाही, ती मागच्या किती गाड्या अडवते ते मोजतो, हे कुणीतरी बोलून दाखवतेच.

सरावासाठी सोपा हिशोब: तासात ६० दुचाकी, २० मोटारी, ६ बस-ट्रक, ८ ट्रॅक्टर-ट्रॉली, ५ बैलगाड्या. वाहने ९९. एकके ३० + २० + १८ + ३६ + ४० = १४४. उसाची वाहने तेरा, पण एकके ७६, निम्म्याहून जास्त. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आणि अंगद गाडी (ट्रॅक्टरने ओढायची छोटी ऊसगाडी) कोणत्या रकान्यात घालायची, यावर मानक मुलांचे समाधान करत नाही. वेगळा रकाना करून तळाशी तसे लिहायला लावले. सर्वेक्षणातही हेच करतात.

हे आकडे घेऊन सिग्नलच्या पेटीकडे परत. आता सेकंदे कुणाला जास्त, हे एककांवरून ठरते. गावात सिग्नल नाही म्हणून काही बिघडत नाही. बाजाराच्या दिवशी कारखान्याच्या फाट्यावर तो कसा चालेल, हा प्रश्न मुलांनी स्वतः घेतला.

१६ डिसेंबर

यश कशावरून? 'कार्यक्रम आवडला का' याला सगळे हो म्हणतात, तो प्रश्न काढला. दोन चिठ्ठ्या ठेवल्या. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी: वाहतुकीतली माहीत असलेली कामे लिहा. आणि शेवटी फक्त: तुला आवडलेले एक काम, त्याला लागणारा ट्रेड किंवा विषय, आणि तो शिकवणारी जवळची संस्था. तिन्ही रकाने भरता आले तर पेटी चालली. पहिलाच भरला तर करमणूक झाली. तिसरा रकाना सर्वांत कच्चा राहतो. तालुक्याच्या आयटीआयत कोणते ट्रेड आहेत हे शिक्षकांनाही ठाऊक नसते. ती यादी स्थानिक प्राचार्यांकडून सही-शिक्क्याने घेऊन पत्रकाला जोडली.

८ जानेवारी

पेट्या शाळांच्या ताब्यात, रोड सेफ्टी पेट्रोलच्या शिक्षकांकडे. झाकणाच्या आत चिकटवलेली यादी: दरवर्षी बदलायच्या वस्तू म्हणजे सिरिंज, नळी, टेप, ग्लास. सुटे जास्तीचे म्हणजे एलईडी सहा, रेझिस्टर सहा, डेटा केबल एक. नॅनो बोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत नको, मूळच्या काळ्या फोममध्ये खोचून ठेवावा. प्रोग्रॅमची प्रत पेन ड्राइव्हवर आणि कागदावर छापूनही.

बाकी काम: कराडच्या शाळांसाठी फेब्रुवारीअखेर रस्ते-साहित्य प्रयोगशाळेची भेट मिळते का ते पाहणे. मेच्या पहिल्या आठवड्यात पत्रकातली प्रत्येक अट अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा ताडून नवी तारीख टाकणे. निकालाच्या आठवड्यात एक माणूस फोनवर बसवणे, सकाळी १० ते १२, फक्त ट्रेडच्या प्रश्नांसाठी.